घरून काम करताय? आधी खोलीची हवा बघा

टेबल, खुर्ची, इन्व्हर्टर यांची सोय तुम्ही केलेलीच असेल. टेबलावर उजेड बाजूने येऊ द्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. तेवढं पुरे.

खरी अडचण हवेची. "लक्ष लागायला दारं-खिडक्या लावून बसा" असं सांगणाऱ्यांनी साताऱ्यातला जुलै काढलेला नाही. पहिल्या पावसाळ्यात मीही तेच केलं. यवतेश्वराकडून झड आत येते म्हणून पश्चिमेची खिडकी बंद, घरातल्या आवाजामुळे दार बंद, वर खोलीतच दोरीवर ओले कपडे. दुपारी साडेतीनच्या कॉलवर मी "बुधवारी देतो" म्हणून मोकळा झालो. चहा घेऊन ओट्यावर आलो, गार वारा लागला, तेव्हा लक्षात आलं की काम आठवड्याचं आहे. असं तीनदा झालं.

आपण श्वासातून तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखात 420च्या आसपास असतं. दहा बाय दहाच्या घट्ट बंद खोलीत एकटा माणूस ते तासा-दीड तासात हजारावर नेतो. 2012 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 22 जणांची चाचणी घेतली. 600च्या तुलनेत 1000ला निर्णयक्षमतेच्या नऊपैकी सहा निकषांवर गुण घसरले. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत एवढा फरक दिसला नाही, पण माझा अनुभव पहिल्या बाजूचा आहे.

पंख्यावर विसंबू नका, तो तीच हवा फिरवतो. घरातला स्प्लिट एसीही तेच करतो. पाऊस पश्चिमेकडून येतो, म्हणून पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी चार बोटं कायम उघडी ठेवा आणि समोरचं दार किलकिलं करून खाली लाकडी पाचर घाला. हवेला आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी लागते. नुसत्या एका फटीने भागत नाही. उदबत्ती लावून बघा, धूर दाराकडे किंवा खिडकीकडे सरकला पाहिजे. तो जागीच घुटमळला तर फट वाढवा.

आवाज येईल, तो सोसा. कानाला हेडफोन लावता येतो, कोंदट हवेवर तसा उपाय नाही.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्यायचाच असेल तर एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या, सेन्सरचाच घ्या. स्वस्तातले बरेच मीटर हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात.

ओले कपडे सोप्यात हलवा. पैशाचा किंवा तारखेचा शब्द द्यायचा असेल, तर आधी दहा मिनिटं दार सताड उघडा आणि मगच कॉलला बसा.