समतोल म्हणजे समान नव्हे: शरीरक्रियाशास्त्र शिकताना या चुका टाळा

जळगावात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवताना पहिल्या चाचणीत मी एक प्रश्न हमखास विचारते: समस्थिती (होमिओस्टॅसिस) म्हणजे काय? बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य सापडतं, 'शरीरातलं सगळं समान ठेवणं'. हे वाक्य जवळपास बरोबर वाटतं. म्हणूनच ते दुरुस्त केल्याशिवाय मी पुढे जात नाही. पेशीपटल, परासरण (पटलातून होणारी पाण्याची ये-जा), सलाईन, ताप या पुढच्या धड्यांतल्या कितीतरी चुकांचं मूळ त्या 'समान' शब्दात असतं.

अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1926 मध्ये 'होमिओस्टॅसिस' हा शब्द घडवला, तेव्हा 'होमो' म्हणजे 'तेच' हे रूप टाळून 'होमिओ' म्हणजे 'त्यासारखं' हे रूप मुद्दाम निवडलं. थोडं वर, थोडं खाली चालतं. मे महिन्यात भुसावळला बाहेर 45 अंश असतात आणि आपल्या आत 37 च्या आसपास. हा फरक आपोआप टिकत नाही, त्याची किंमत घामाने चुकवावी लागते. एक लीटर घाम त्वचेवर वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तरच. नुसता ओघळून गेलेला घाम काहीच थंडावा देत नाही. दारं-खिडक्या लावून पाण्याचा कूलर चालवला की खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं ते याचमुळे. समोरची एक खिडकी उघडी हवीच.

'पेशीच्या आत-बाहेर क्षार सारखेच असतात'

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडं थांबते. पेशीबाहेर सोडियम 135 ते 145 मिलिमोल प्रतिलीटर, आत जेमतेम 10-15. पोटॅशियमचं उलट: आत 140 च्या घरात, बाहेर फक्त 3.5 ते 5. विसरणाला, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरण्याला, मोकळं सोडलं तर दोन्हीकडचं प्रमाण एक होईल, आणि तसं झालं की पेशी मेली. ते होऊ नये म्हणून पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. येन्स स्काऊ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या नसांमध्ये पंपाचं काम करणारं हे विकर (एन्झाइम) शोधलं, त्याबद्दल 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपण गाढ झोपलेले असतानाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तरी या पंपावर खर्च होतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. रावेर-यावलकडचं एक मध्यम केळं खाल्लं की सुमारे 400 मिलिग्रॅम, म्हणजे 10 मिलिमोल पोटॅशियम पोटात जातं. शरीरात पेशींबाहेर जे 14 लीटर द्रव असतं, त्यातलं सगळं पोटॅशियम मोजलं तर 56 मिलिमोलच्या आसपास भरतं. म्हणजे एका केळ्याने त्यात जवळजवळ सहाव्या हिश्शाची भर पडायला हवी. तरीही रक्तातला आकडा फारसा हलत नाही. जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन पंपाचा वेग वाढवतं, पोटॅशियम पेशींत शिरतं, आणि मग मूत्रपिंडं ते सावकाश बाहेर टाकतात. इन्सुलिनचा संबंध फक्त साखरेशी, असं लिहिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला डॉक्टर केळं बंद करतात, त्याचंही कारण इथेच आहे.

पोटॅशियम पेशीच्या आत दाटलेलं असतं हे विसरण्याची हीच चूक वॉर्डात वेगळ्या रूपात भेटते. रिपोर्टवर पोटॅशियम 6.8, आणि रुग्ण खाटेवर बसून गप्पा मारतोय. अशा वेळी रिपोर्ट बाजूला ठेवू नका, डॉक्टरांना लगेच कळवा, ईसीजी निघू द्या. सोबत नमुना कसा घेतला तेही विचारा. बारीक सुईतून जोराने ओढलं, नळी खळाखळा हलवली, तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, सांडतं. दुसरं कारण उन्हाळ्यातलं. एकदा खेड्यावरून आलेला नमुना कुणीतरी काळजीपोटी बर्फात ठेवून पाठवला होता. थंडीत पंप मंदावतो, पोटॅशियम पेशीतून हळूहळू झिरपत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. संपूर्ण रक्त बर्फात ठेवायचं नाही. सीरम वेळेत वेगळं करायचं आणि शंका असेल तर नमुना पुन्हा घ्यायचा.

'सलाईन म्हणजे सलाईन'

गावाकडे टांगलेली प्रत्येक बाटली सलाईनच असते. तुम्ही मात्र लेबल वाचा. 0.9 टक्के मिठाचं द्रावण समपरासारी आहे, म्हणजे त्यातल्या कणांचं प्रमाण रक्ताइतकंच असतं. सोडियम पेशीबाहेरच राहतं, म्हणून पाणीही बाहेर टिकतं. 5 टक्के डेक्स्ट्रोज बाटलीत असेपर्यंत रक्ताच्या बरोबरीचं असतं, पण त्यातली साखर पेशी वापरून टाकतात आणि उरतं ते नुसतं पाणी. परिणामी ते अवपरासारी, म्हणजे रक्तापेक्षा विरळ, द्रावणासारखं वागतं. रक्तदाब सावरायला ते कामाचं नाही, आणि सोडियम आधीच कमी असेल तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. द्रावणातले कण मोजून थांबू नका. कोणता कण पटल ओलांडतो आणि पुढे त्याचं काय होतं, तेही विचारा. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, हे घरोघरी माहीत आहे. पटलापलीकडे सहज न जाणारं मीठ बाहेर असतं, म्हणूनच ते पाणी सुटतं.

'साखर फक्त चवीला'

ओआरएसमधल्या, म्हणजे जुलाबात देतात त्या मीठ-साखरेच्या पाण्यातल्या, साखरेबद्दल असं ऐकलं की मला राहवत नाही. आतड्याच्या पेशीत एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर 2 सोडियम आत नेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. हे वाहक स्वतः एटीपी खर्च करत नाही. पलीकडच्या बाजूच्या पंपाने सोडियम उपसून जो उतार तयार केलेला असतो, त्याच्यावर ते चालतं. कॉलऱ्यातही हा रस्ता शाबूत राहतो. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच आधारावर मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. आजच्या ओआरएसमध्ये सोडियम 75 आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल प्रतिलीटर असतं. त्यात वरून साखर घातली की आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. लीटरचं पाकीट एका ग्लासात ओतलं तर तेच, शिवाय सोडियमही धोक्याच्या पातळीला जातं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या.

'अंग तापलं, पॅरासिटामॉल द्या'

तापात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसची ठरलेली पातळीच वर सरकते, म्हणून आधी थंडी वाजते. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. उष्माघातात पातळी 37 लाच असते, शरीर तिथवर उतरू शकत नसतं. तिथे ही गोळी निरुपयोगी. कुणी अहिराणीत सांगत आलं, 'आजीले ऊन लागी गयं', आणि आजी बरळत असेल, अंग भट्टीसारखं तापलेलं असेल, तर गोळी शोधत बसू नका. 108 ला फोन लावा, आजीला सावलीत आणा, लुगडं सैल करा, अंगावर पाणी शिंपडून पंख्याचं जोरदार वारं घाला. आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.