उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातली कौटुंबिक भटकंती कशी आखावी

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो, पण सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत हवा सुखद असते आणि संध्याकाळी पाचनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. त्यामुळे सुट्टीत मुलाबाळांना घेऊन बाहेर पडायचे असेल, तर ठिकाण ठरवण्याआधी वेळ ठरवावी लागते. दिवसाचे तीन भाग करावेत: सकाळ उघड्यावर, दुपार छपराखाली आणि संध्याकाळ पुन्हा उघड्यावर. यांपैकी एका वेळी एक किंवा फार तर दोन भागांचा बेत करावा. सकाळी सहाला निघून रात्री नऊला परतण्याचा हव्यास धरला, तर घरातले सर्वांत लहान मूल आणि सर्वांत वयस्कर माणूस ही दोघेही दुपारीच थकतात आणि उरलेला दिवस सगळ्यांनाच जड जातो.

शहरातली सकाळ टेकड्यांवर घालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. वेताळ टेकडीवर सूर्योदयाच्या सुमारास पोहोचले, तर मोरांचा आवाज हमखास ऐकू येतो आणि नशीब असेल तर मोर दिसतोही. मे महिन्यात गवत वाळून पिवळे पडलेले असते, तरी शहरातल्या रस्त्यांवर बहावा आणि गुलमोहर फुललेले असल्यामुळे जाता-येता मुलांना दाखवण्यासारखे पुष्कळ असते. वाळक्या गवतात एका ठिणगीनेही वणवा लागतो. त्यामुळे टेकडीवर काडेपेटी नेऊच नये. आठ वाजेपर्यंत खाली उतरावे.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जायचे असेल, तर बुधवार टाळावा, कारण त्या दिवशी ते बंद असते. सुट्टीत रविवारीही जाऊ नये. बुधवार सोडून आठवड्यातल्या कामाच्या वारी, दार उघडते त्याच वेळी तिथे हजर राहणे सर्वांत चांगले, कारण ऊन तापले की वाघ, बिबट्या, अस्वले सावलीत जाऊन निजतात आणि मुलांच्या वाट्याला रिकामे खंदक येतात. परिसर फार मोठा आहे. आजी-आजोबा सोबत असल्यास आतल्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची चौकशी प्रवेशद्वारापाशीच करावी, आणि सगळे प्राणी पाहिलेच पाहिजेत हा हट्ट सोडून मुलांना आवडतील त्या तीन-चार पिंजऱ्यांपाशी निवांत थांबावे.

दुपारसाठी माझी पहिली पसंती बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाला आहे. दिनकर केळकर यांनी बालवयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. हे संग्रहालय कुटुंबासाठी खास आहे, ते तिथल्या वस्तू घरगुती आहेत म्हणून. अडकित्ते, वज्री, समया, कुलपे, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी आणि वाद्ये पाहताना आजी-आजोबांना आपोआप बोलावेसे वाटते. मुलांच्या हाती आधीच एक छोटी यादी द्यावी: मोराच्या किंवा घोड्याच्या आकाराचा अडकित्ता शोधा, पाय घासायची वज्री शोधा, न ओळखता येणारी एक वस्तू शोधून आजीला तिचा उपयोग विचारा. अशी यादी हातात असली, की एरवी पंधरा मिनिटांत कंटाळणारी मुले दीड-दोन तास रमतात. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल मात्र शेवटी ठेवावा, कारण तो पाहिल्यावर बाकीची दालने फिकी वाटू लागतात. इमारतीत जिने आहेत. गुडघेदुखी असलेल्या माणसाला सावकाश चढू द्यावे.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर हे दुपारचे दुसरे चांगले ठिकाण आहे. आठव्या शतकातले हे लेणे एकाच पाषाणात खाली खोदत नेलेले असल्यामुळे रस्त्यावरची काहिली आत जाणवत नाही. समोरचा गोल नंदीमंडप आणि आतले जाड चौकोनी खांब मुलांना पाहू द्यावेत, मात्र हे नांदते मंदिर आहे याची जाणीव त्यांना आधी करून द्यावी. बाहेरच्या उघड्या अंगणातला कातळ मात्र उन्हात फार तापतो. चपला बाहेर काढल्यावर पाय पोळू नयेत म्हणून लहानांसाठी मोजे जवळ ठेवावेत.

संध्याकाळी सारसबाग आणि तिला लागून असलेले पेशवे उद्यान आहेच; तळ्यातल्या गणपतीचे दर्शन, हिरवळीवर थोडे पळणे आणि शेवटी भेळ, एवढ्यावर लहान मुले तृप्त होतात. खडकवासला धरणाच्या काठावर वारा अधिक चांगला लागतो आणि निखाऱ्यावर भाजलेले, लिंबू-तिखट चोळलेले कणीस तिथे खाण्यात वेगळीच मजा आहे. येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: धरणाच्या पाण्यात कुणीही उतरू नये. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेले असते, काठ उथळ आणि निरुपद्रवी दिसतो, पण खाली गाळ असतो आणि दोन पावलांवर अचानक खोली लागते. खडकवासला, पानशेत, मुळशी या साऱ्या जलाशयांना हेच लागू आहे. पोहता येते म्हणून धोका कमी होत नाही.

अर्ध्या दिवसाची सर्वांत समाधान देणारी सहल सिंहगडाची. गडाची उंची समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांच्या वर आहे आणि पुण्याची सुमारे ५६० मीटर; त्यामुळे वरची हवा शहरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते. दहा वर्षांवरची मुले असतील, तर आतकरवाडीच्या पायथ्याहून पायी चढावे. पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते. मुलांच्या चालीने चढायला दीड ते दोन तास धरावेत आणि उजाडताच चढाईला लागावे, म्हणजे आठच्या सुमारास पुणे दरवाजात पोहोचता येते. त्याहून लहान मुले किंवा ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर घाटरस्त्याने गाडी न्यावी. मात्र शनिवार-रविवारी उशीर झाल्यास याच घाटात गाड्यांची रांग लागते आणि वाहनतळ भरला की खालीच थांबावे लागते. चढून जाऊन जीपने उतरणे हा मधला मार्गही चांगला आहे, कारण उतारावर मुलांचे पाय घसरतात आणि मोठ्यांचे गुडघे दुखतात.

गडावर पोहोचल्यावर आधी खाण्याकडे वळू नये. ऊन कोवळे असेपर्यंत देवटाके, कल्याण दरवाजा आणि तानाजी मालुसरे यांचे स्मारक पाहून घ्यावे. फेब्रुवारी १६७० मध्ये ज्या कड्यावरून मावळे चढून आले, तो कडा लांबूनच, पण नीट दाखवावा. मुलांनी तो प्रसंग पुस्तकात वाचलेला असतो. त्या सरळ तुटलेल्या कातळाकडे पाहिल्यावर रात्रीच्या अंधारात तो चढणे म्हणजे काय, हे त्यांना प्रथमच कळते. कड्याच्या काठापासून दूर उभे राहावे आणि मुलांचा हात सोडू नये. साडेनऊच्या सुमारास एखाद्या झोपडीत सावलीला बसून पिठले-भाकरी, ठेचा, कांदा भजी आणि मडक्यातले दही मागवावे. दह्याच्या मडक्यात चमचा उभा राहतो, इतके ते घट्ट असते. मे महिन्यात वाटेवर करवंदे आणि जांभळे विकायला बसलेल्या मावशी भेटतात. त्यांच्याकडून जरूर घ्यावीत, बिया आणि कागद मात्र पिशवीत परत आणावेत. अकराच्या आत गड सोडावा.

पूर्ण दिवस हाताशी असेल, तर भाजे किंवा कार्ले यांपैकी एक लेणे निवडावे. दोन्ही एकाच दिवशी करणे हिवाळ्यात ठीक, उन्हाळ्यात नव्हे. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरता येते आणि लहान मुलांना लोकलचा प्रवास हीच अर्धी सहल वाटते; परंतु दुपारच्या वेळी या मार्गावर लोकल विरळ असतात, म्हणून परतीची गाडी निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी. दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत, आणि उन्हाळ्यातला बेत याच गोष्टीवर बेतावा. भाजे लेणी सकाळभर डोंगराच्या सावलीत असतात, त्यामुळे ती सकाळीच पाहावीत. तिथल्या चैत्यगृहाचे, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचे, खांब आतल्या बाजूला कलते आहेत. ते कशामुळे, याचा मुलांना आधी अंदाज करू द्यावा आणि मग सांगावे की लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे तिरपे लावत, आणि तीच रीत कारागिरांनी दगडातही पाळली. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या मूळ लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत. तिथे दुपार उतरताना जावे, म्हणजे पिंपळपानाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत स्तूपापर्यंत येतो. कार्ल्याला पायऱ्या पुष्कळ आहेत आणि लेण्याच्या दारातच एकवीरा आईचे मंदिर आहे. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत तिथे कोळी आणि आगरी बांधवांची प्रचंड गर्दी असते. यात्रा अनुभवायची नसेल, तर ते दिवस सोडावेत.

चालणे जमत नसलेल्या ज्येष्ठांसाठी नसरापूरजवळचे बनेश्वर सोयीचे आहे: नानासाहेब पेशव्यांच्या काळातले देऊळ, गार कुंडे आणि मागे झाडीची दाट सावली. मात्र तिथला धबधबा पावसाळ्यातच वाहतो. महाबळेश्वरचा मोह मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी आवरावा, कारण पसरणी घाटातच निम्मा दिवस जातो. त्याऐवजी वाईला थांबून जवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा कृष्णेचा घाट पाहावा.

डब्यात काय न्यावे, हे उन्हाळ्यात महत्त्वाचे ठरते. दहीभात, ओल्या नारळाची चटणी आणि उकडलेल्या बटाट्याची भाजी दुपारपर्यंत आंबते. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि काकडी हे पदार्थ टिकतात आणि पोटालाही हलके असतात. पाणी माणशी दोन लिटर तरी घ्यावे. एका बाटलीत साखर-मीठ-लिंबाचे पाणी वेगळे ठेवून ते मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे द्यावे. रसवंतीत बर्फाविना रस मागावा. मूल अकारण चिडचिड करू लागले, चेहरा लाल झाला, डोके दुखते म्हणाले किंवा बराच वेळ लघवीला गेले नाही, तर सहल तिथेच थांबवावी, त्याला सावलीत बसवून अंग ओल्या कापडाने पुसावे. सुस्ती आली किंवा उलट्या होऊ लागल्या, तर थेट दवाखाना गाठावा.

मे महिन्यात दुपारनंतर वळीव येतो. ढग काळे होऊन वारा पडला, की गड, टेकडी आणि धरणाचा उघडा काठ सोडावा. एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नये. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जाऊन थांबावे. विजा थांबल्यानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये.

मेच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत राजमाची आणि भंडारदरा परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात. यासाठी मुक्कामाचा बेत करावा, कारण रात्रभर जागून घाटातून गाडी चालवत परतणे धोक्याचे आहे. गावातल्याच एखाद्या घरी जेवण-मुक्कामाची सोय आधी ठरवून घ्यावी आणि वन विभागाने घातलेले निर्बंध निघण्यापूर्वी तपासावेत. काजवे आपल्या प्रकाशानेच जोडीदार शोधतात. गाडीचे दिवे, विजेरी आणि मोबाइलचा उजेड पडला की त्यांच्या विणीत अडथळा येतो. म्हणून गाडी गावातच ठेवावी, स्थानिक वाटाड्यासोबत पायी जावे, पायवाट सोडून गवतात पाऊल टाकू नये, कारण माद्या जमिनीलगत असतात, आणि काजवे पकडून बाटलीत घालायचे नाहीत, हे मुलांना घरूनच समजावून न्यावे. अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढा वेळ लहानांना मांडीवर घेऊन बसावे. पायांत बूट आणि अंगात लांब बाह्यांचे कपडे असावेत.