वाढदिवस देवबागेत, माणसं कालपरवा भेटलेली

माझा वाढदिवस दिवाळीच्या सुट्टीत येतो. मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टी लागली की एकटीच कोकणात, मालवणजवळच्या देवबागेत उतरते. त्यामुळे वाढदिवसाला जमणारी मंडळी बहुधा ताजी असतात: शेजारच्या खोलीतलं कोल्हापूरचं जोडपं, स्नॉर्कलिंगला आलेली नाशिकची पोरं, एखादे निवृत्त काका. अशांसोबत वाढदिवस फार छान होतो, फक्त तो त्यांच्याकडून करून घ्यायला जायचं नाही. यजमान आपण व्हायचं. हे एकदा ठरलं की बाकीचं आपोआप सुचतं.

सांगायचं कधी? आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाला. फार आधी सांगितलं तर लोक भेटीच्या विवंचनेत पडतात. त्याच दिवशी सांगितलं तर ‘आधी नाही का बोललात!’ म्हणून चुकचुकतात आणि कुणीतरी रिक्षा करून मालवणातून केक घेऊन येतो. तो देवबागेपर्यंत येता येता एका बाजूला कललेला असतो. तेव्हा सरळ सांगायचं: ‘उद्या माझा वाढदिवस. संध्याकाळी काकींना सांगून गोडाचं करतेय, सात वाजता पडवीत या.’ (काकी म्हणजे आपण उतरलोय त्या घरच्या मालकीणबाई.) पुढे ‘भेट आणू नका’ हे जोडू नका. जोडलं की हमखास आणतात.

बोलवायचं कुणाला, हा प्रश्न मी फार ताणत नाही. ज्यांच्यासोबत बोटीत बसलो, ज्यांच्या पोराला धक्क्यावर चढताना हात दिला, ते आपले. सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी ओळखीला उत्तम. समोर तटबंदी दिसायला लागली की अनोळखी माणसंही एकमेकांना फोटो काढायला फोन देतात, आणि शिवराजेश्वराच्या देवळातून बाहेर येईस्तोवर गावं, आडनावं, नोकऱ्या सगळं विचारून झालेलं असतं. वेळ असेल तर परतल्यावर किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापर्यंत चालत जा. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथे 25 नोव्हेंबर 1664 रोजी झाली. तेवढ्या वाटेत कोण बोलकं, कोण शांत आणि कुणाला एकटं सोडलेलं बरं, हे कळतं. शेवटच्यांना आग्रह करायचा नाही. खोलीवर वाटी पाठवायची.

आता खरी तयारी. ‘न्याहारी व निवास’ अशी पाटी असलेल्या घरात उतरला असाल तर केक विसराच, खापरोळ्या सांगा. पण आदल्या दिवशी, आणि तेही सकाळी. मी एकदा संध्याकाळी चारला विचारणाऱ्या पाहुण्याला काकींनी दिलेलं उत्तर ऐकलंय: ‘आज सांगतस? पीठ आंबाक रात लागता गो!’ तांदूळ, उडीद डाळ आणि थोड्या मेथ्या भिजवायच्या, वाटायच्या, रात्रभर आंबवायच्या. दुसऱ्या दिवशी हळद घालून जाडसर, जाळीदार पोळ्या काढायच्या आणि त्या गुळाच्या, वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या.

पीठ आंबवायला वेळच उरला नसेल तर शिरवाळे, म्हणजे त्याच रसात खायच्या तांदळाच्या शेवया. आणि खरं सांगू, नव्या माणसांसाठी मला तेच जास्त आवडतात, कारण त्यात सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्याचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवतात आणि कढत असतानाच साच्यात घालून दाबतात. मुटका निवला की साचा हलत नाही. मग एकजण लाकडी साचा घट्ट धरून बसतो, दुसरा दांड्यावर सगळं वजन टाकतो, तिसरा खाली ताट फिरवत राहतो म्हणजे शेवया एका जागी ढीग होऊन चिकटत नाहीत. दंडाच्या बेडक्या दाखवणारी नाशिकची पोरं दुसऱ्याच मुटक्याला घामाघूम झाली, आणि काकींनी तोच मुटका बोलता बोलता उतरवला. त्यानंतर ओळख वाढवायला कुणाला काही करावं लागलं नाही. नारळ खवणं आणि रस पिळणं ही कामं शांत मंडळींना द्या, गर्दीच्या बाहेर बसून करता येतात.

मुख्य जेवणात कोंबडी वडे, सोलकढी असा बेत सगळ्यांना चालेल असं धरू नका. दिवाळीनंतर काहीच दिवसांत कार्तिकी एकादशी येते, आणि सुट्टीवर आलेला माणूसही उपास सोडत नाही. आदल्या दिवशीच विचारून घ्या. काळ्या वाटाण्यांची आमटी आणि वडे केले की एकादशीवाले सोडून सगळे खूश. त्यांच्यासाठी शहाळी आणि केळी.

जागा पडवीच बरी. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला मेणबत्ती टिकत नाही आणि निरांजनही नाही. तरीही किनाऱ्यावरच जायचा हट्ट असेल तर फुगे आणि चमकी नेऊ नका. ते सगळं समुद्रात जातं, आणि सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात.

औक्षण मात्र करून घ्या. घरच्या काकींना किंवा मंडळीतल्या थोरल्या बाईंना नुसतं म्हणायचं, ‘मला ओवाळाल का?’ नाही म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. आधी मोठ्यांच्या पाया पडायचं, मग पोरांच्या हातावर खाऊ ठेवायचा. मालवणी खाजं त्यासाठी झकास: दुकानातून अर्धा किलो आणलं की गुळाच्या त्या आलं लावलेल्या कांड्या सगळ्यांना पुरतात. भाषण, ‘माझ्याबद्दल दोन शब्द’, वय विचारण्याचे खेळ हे सगळं टाळा. दोन दिवसांच्या ओळखीवर माणूस काय बोलणार? गाण्याच्या भेंड्या लावा, गळा नसलेलेही ओरडतात.

घरून फोन येणारच. आईचा, बहिणीचा, शाळेतल्या बाईंचा. सहाच्या आत घ्यायचे आणि सातनंतर फोन खोलीत. पाहुणे बोलवून कोपऱ्यात ‘थँक्यू, थँक्यू’ करत उभं राहणं वाईट दिसतं. फोटो काढा, पण स्टेटसला लावायच्या आधी विचारा. सुट्टीवर कोण कुणाला काय सांगून आलंय, आपल्याला काय ठाऊक!

पैशाचं स्पष्ट बोलायचं. गोडाचा आणि जास्तीच्या जेवणाचा हिशेब आदल्या दिवशी काकींकडे वेगळा लिहून ठेवायला सांगायचा, म्हणजे ऐनवेळी ‘मी देतो, मी देतो’ ची झटापट होत नाही. ज्या घरच्यांनी चुलीपाशी राबून हे केलं त्यांना नुसते पैसे देऊन उठू नका, त्यांची ताटं आपल्यासोबत मांडून घ्या. त्या ‘मागसून’ म्हणतील. पुन्हा म्हणा.

उरलेला रस रात्रीच संपवायचा, नारळाचं दूध सकाळपर्यंत आंबतं. कोरड्या खापरोळ्या मात्र टिकतात. पहाटे कुडाळला गाडी धरणाऱ्यांच्या डब्यात चार चार घाला, सोबत गुळाचा खडा. फोन नंबर तेव्हा घ्या, रात्री घेतलेले नंबर ‘नाशिक स्नॉर्कल’ असल्या नावांनी सेव्ह होतात आणि महिन्याभराने कोण ते आठवत नाही.