ठासणीची बंदूक वारशात आली तर

आजोबांची दुनळी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक माळ्यावरून खाली उतरवली, तेव्हा धाकटा भाऊ चिंच आणि काथ्या घेऊन तयारच होता. पितळ चकचकीत करायचं म्हणे. त्याला आधी बाहेर पिटाळलं. मी आयुष्यभर फिटरकी केली, पण या कामात पहिली अक्कल म्हणजे हात आवरणं.

पहिला प्रश्न: आत बार आहे का? घोड्याला हात लावायचा नाही, नळीचं तोंड माणसांपासून लांब. एक सरळ लाकडी काठी नळीत अलगद सोडायची, तोंडाशी पेन्सिलनं खूण करायची आणि काठी बाहेर काढून नळीच्या कडेला धरायची. टोक निपलच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला घोडा जिथे आपटतो त्या बोंडाच्या आसपास यायला हवं. आमच्या उजव्या नळीत आलं. डावीत चार बोटं आधीच अडलं. म्हणजे भरलेली! काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. तिथेच थांबलो, ठाण्यात कळवलं आणि परवानाधारक कारागिराकडून बार उतरवून घेतला. आतून निघालं काय, तर छर्रे, काळी भुकटी आणि काथ्याचा बोळा.

परवान्याचं आधीच उरकून घ्या. परवाना वडिलांच्या नावावर होता. ते गेल्यावर शस्त्र असंच घरात ठेवता येत नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारस म्हणून अर्ज करायचा. अगदी निकामी, दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला कायद्यात सूट आहे, पण ते ठरवणारे आपण नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून.

आता ओळख. ठासणीची म्हणजे जुनीच, असं समजू नका. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा बंदुका आपल्याकडे अलीकडेपर्यंत बनत आल्यात. त्यांच्या नळीवर कारखान्याचं नाव आणि नंबर असतो. जळती वात लावायची ती तोड्याची, गारगोटीची ठिणगी पाडणारी चकमकीची, आणि निपलवर केप, म्हणजे ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी बसवून घोडा आपटणारी त्यानंतरची, साधारण 1820 नंतर पसरलेली. आमची तिसऱ्या जातीची. पाचर सरकवून नळ्या दस्त्यातून सोडवल्या आणि टॉर्च तिरका धरला, तेव्हा खालच्या बाजूला मुकुटाखाली आडवेतिडवे राजदंड दिसले. हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या, नळ्यांची ताकद तपासणाऱ्या चाचणीघराचा शिक्का. ते 1813 साली सुरू झालं. शेजारी 14 हा आकडा. एका पौंड शिशाच्या चौदा समान गोळ्या केल्या, तर त्यातली एक नळीत बसेल, असा त्याचा अर्थ. कॅलिपर लावला, 17.6 मिलिमीटर भरलं. हिशेब जुळला. अंडाकृतीत ईएलजी अशी रोमन अक्षरं दिसली तर नळी बेल्जियमच्या लिएजची.

नळीवर पाण्यावर तेल सांडल्यासारखी वळणं दिसत असतील तर ती दमास्कस, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली. नुसत्या मोठ्या नावावर भाळू नका. मँटन या नामांकित इंग्रज बंदूककाराचं नाव एकोणिसाव्या शतकातही खोटं कोरलं जायचं. किंमत ठरते शिक्के, मूळ भाग, खरा कारागीर आणि घरातल्या कागदांवर. जुना परवाना, पावती, आजोबांचा बंदुकीसह फोटो एकत्र ठेवा. घेणाऱ्याकडेही परवाना लागतो, आणि शंभर वर्षांवरची पुरावस्तू परदेशी विकता येत नाही, म्हणून तिकडच्या लिलावाचे आकडे बघून हुरळू नका.

जपणुकीत सगळ्यात मोठा शत्रू पॉलिशपेपर. नळीचा तपकिरी रंग हा बहुतेकदा गंज नसतो. कारागिरानंच तो मुद्दाम चढवलेला असतो. घासलात की रंग आणि शिक्के, दोन्ही गेले. केशरी, बोटाला लागणारा गंज मात्र खरा: मऊ फडक्यावर दोन थेंब मशीन ऑइल घेऊन तो पुसायचा, दस्त्यावर तेल न जाऊ देता. हाताळताना सुती हातमोजे, कारण घामात मीठ असतं. चामड्याच्या म्यानात किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लावून ठेवायची नाही.

आमच्या नळीवर अंगठ्याएवढे चार खड्डे होते, ओळीनं. आधी कळेना. मग उमगलं, दरवर्षी दसऱ्याला आजोबा तिथेच ओलं हळदकुंकू लावायचे. आता कुंकू शेजारी ठेवलेल्या सुपारीला. आईला ते अजून पटलेलं नाही.