१,४२,८५७ : मोठ्या संख्येची कुंडली कागदावर कशी मांडावी

मोठी संख्या हाती आली की तिचे गुणधर्म सुटेसुटे शोधत बसू नये. आधी तिचे मूळ अवयव पाडावेत, कारण तिला विभाजक किती आणि त्यांची बेरीज किती, ही उत्तरे त्या अवयवांतूनच निघतात. उदाहरणादाखल १,४२,८५७ घेऊ.

एकक स्थानी ७ असल्यामुळे २ आणि ५ लगेच बाद होतात. त्यानंतर ७, ११, १३ असे एकेकाने भाग देण्याऐवजी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत : ८५७ आणि १४२. (आपला स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने पडतो, तो येथे क्षणभर विसरावा लागतो.) गटांची वजाबाकी ७१५, म्हणजे ५ × ११ × १३, येते; आणि १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे आपल्या संख्येलाही ११ व १३ ने निःशेष भाग जातो, ७ ने मात्र जात नाही. गटांची बेरीज तर नेमकी ९९९, म्हणजे २७ × ३७, भरते. त्यामुळे २७ आणि ३७ नेही भाग जातो. ताळा म्हणून २७ × ११ × १३ × ३७ हा गुणाकार करावा. तो १,४२,८५७ च येतो, तेव्हा आणखी अवयव उरलेला नाही.

२७ म्हणजे ३ चा तिसरा घात. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की ४ × २ × २ × २ = ३२ विभाजक मिळतात. तीन वेळा आलेला ३ वेगवेगळा मोजून ६४ लिहिण्याची चूक येथे हमखास होते. विभाजकांची बेरीज ४० × १२ × १४ × ३८ = २,५५,३६०; त्यातून ती संख्या वजा केल्यास १,१२,५०३ उरतात, म्हणजे ६ किंवा २८ प्रमाणे बेरीज संख्येइतकी होत नाही, कमीच पडते.

आता अंकांकडे वळावे. २ ने गुणल्यास २,८५,७१४, ३ ने गुणल्यास ४,२८,५७१. ६ पर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरत राहतात आणि ७ ने गुणल्यावर ९,९९,९९९ येतात. कारण जाणून घ्यायचे तर १ ला ७ ने भागून दशांश काढत जावे : बाकी १, ३, २, ६, ४, ५ अशी सहाही प्रकारची येऊन पुन्हा १ वर येते, म्हणून १/७ पासून ६/७ पर्यंतचे सर्व अपूर्णांक त्याच चक्रात निरनिराळ्या ठिकाणी सुरू होतात. हा गुण दशमान लेखनाचा आहे. अष्टमानात हीच संख्या ४२७०११ अशी लिहिली की अंकांचे फिरणे थांबते. विभाजक मात्र ३२ च राहतात.

शेवटी देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या दोन कसोट्या लावाव्यात. अंकांची बेरीज २७, आणि १,४२,८५७ ला २७ ने भागल्यास ५,२९१ येतात. अशा संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. दुसरीसाठी वर्ग काढावा : २०४०८१२२४४९. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही, हातानेच करावा. उजवीकडचे सहा अंक तोडून उरलेल्यांत मिळवले, की २०,४०८ + १,२२,४४९ = १,४२,८५७.