विंडोज ११ आपल्या संगणकावर चालेल का? आधी हे तपासा

'हा संगणक विंडोज ११ साठी योग्य नाही' असा संदेश दिसला की अनेकजण थेट नवीन संगणक शोधू लागतात. घाई करू नका. बऱ्याचदा टीपीएम नावाची सुरक्षा चिप संगणकात असते, फक्त बंद ठेवलेली असते.

१. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप उघडून 'चेक नाऊ' दाबा. नेमकं काय कमी पडतंय ते तिथे कळतं.

२. अडचण टीपीएमची असेल तर विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'टीपीएम.एमएससी' लिहून एंटर करा. आवृत्ती २.० दिसायला हवी. चिप सापडत नाही असं आलं, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, शोधा. इंटेलच्या संगणकात ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या संगणकात 'एफटीपीएम' या नावाने असते, त्यामुळे नजरेतून सहज सुटते. ती सुरू करून पुन्हा तपासा.

३. रॅम किमान ४ जीबी आणि डिस्क ६४ जीबी लागते. माझ्या मते ८ जीबीपेक्षा कमी रॅमवर अपग्रेड करण्यात अर्थ नाही, काम फार रेंगाळतं.

प्रोसेसरच मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नसेल तर मात्र बायोसमध्ये काही बदलून उपयोग नाही.

एक काळजी नक्की घ्या: बायोसला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, कागदावर उतरवून घ्या. टीपीएमची सेटिंग बदलल्यावर संगणक ती की मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीच उघडत नाही.