बाप सापडला कराच्या यादीत

नवऱ्याच्या आईकडचा एक पूर्वज व्हर्जिनियात 1810च्या सुमारास संसाराला लागलेला, पण बाप कोण ते कळेना. जन्मनोंद कुठली मिळायला? तिथे राज्यभर नोंदी सुरू झाल्या 1853 साली, आणि 1850 पूर्वीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. मग कराच्या याद्या धरल्या, त्या 1782पासून आहेत. एका शेतकऱ्याच्या नावापुढे ‘सोळावरचे गोरे पुरुष’ या रकान्यात 2 होते. एका वर्षी तिथे 1 झाला, आणि त्याच यादीत आमचा गडी एका घोड्यासह स्वतंत्र करदाता म्हणून उगवला. पुतण्याही असू शकतो म्हणा! शंका फिटली ती खरेदीखताने. म्हातारा गेल्यावर वारसांनी जमीन विकली. खतात सगळी भावंडं नावानिशी, बहिणींचे नवरेसुद्धा. आमचा तिसरा.